चहा मीच करतो

दमलेल्या माणसाला स्वस्थ पडू द्यावं, एवढं साधं शहाणपण जगात फार थोड्यांकडे असतं. खिडकीबाईच्या इमारतीत त्यांच्यापैकी कुणीच राहत नव्हतं.

खिडकीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे ती बसायची म्हणून कुणीतरी ते चिकटवलं आणि ते तिला इतकं फिट्ट बसलं की घरीही पोचलं. बिल दुप्पट आलं, मीटर आपोआप पळतो, शेजाऱ्याने आमच्या तारेवर आकडा टाकलाय, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसं त्या खिडकीत तोंड खुपसून ओरडायची आणि ती आतून "बघते हं" म्हणायची. दिवसभर "बघते हं" म्हणून माणूस किती दमतो हे न केलेल्याला कळायचं नाही. त्यात आता पोटात बाळ. जिन्याच्या निम्म्यावर तिच्या कानात शिट्टी वाजायची, भाजी चिरताना हात जड व्हायचे, आणि बसमध्ये ती उभ्याउभ्या अशी झोपायची की कंडक्टरने दोनदा तिला शेवटच्या थांब्यावर उठवलं होतं.

"होतं असं या दिवसांत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हतं हे दमणं-बिमणं काही. दम लागला तर लागला."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा ताटात तांदूळ निवडत होत्या. त्यांची निवडण्याची एक पद्धत होती. चार दाणे ताटात, एक तोंडात. त्यांना कच्चे तांदूळ चघळायची सवय होती, आणि घरात तिची इतकी सवय झाली होती की तो कुरकुर आवाज घड्याळाच्या टिकटिकीसारखा कुणाला ऐकूच येत नसे.

तर सहावा महिना लागल्यावर ती, तिचे यजमान आणि सासूबाई अशी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. चार खाटा, एक नर्स, खिडक्यांना धुतलेले पडदे. खिडकीबाईला ती जागा फार आवडायची. तिथे कुणी ओरडत नसे. आपलं बाळ इथेच व्हायचं, घरापासून चालत यायच्या अंतरावर, या बाईंच्या हातून, हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आयुष्यात स्वतःसाठी अशी फार थोडी गोष्ट तिने ठरवली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी बोटाने खाली ओढून पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पुन्हा पापणी पाहिली.

"रक्त बरंच कमी आहे. आठाच्या आसपास. माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?"

"नाही."

"तिला फक्त झोपावंसं वाटतं," तपासनीस म्हणाले.

तपासनीस म्हणजे तिचे यजमान. पंपांच्या कारखान्यात ते तयार मालाच्या तपासणीवर होते. सासूबाईंनी हातातली पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणात रक्त जातंच. मुळात कमी असेल तर गेलेलं भरून काढायला माझ्याकडे इथे सोय नाही. नववा लागेपर्यंत हे दहाच्या वर आलं नाही तर मी तुम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवणार. हट्ट नाही करायचा. पण अजून वेळ आहे, घाबरू नका. लोहाच्या गोळ्या देते. सकाळी एक, संध्याकाळी एक. डाळी, पालेभाज्या, अंडी खा. आणि महत्त्वाचं म्हणजे गोळी घेताना चहा..."

"चहाची काळजीच सोडा, डॉक्टर!" तपासनीस उत्साहाने म्हणाले. "चहा मीच करतो."

"अहो, तसं नाही, चहा..."

"रोज! सकाळ-संध्याकाळ. आलं घालून. ती माझ्या हातचाच घेते. आता हे सांगा, पालकातलं लोह देठात जास्त की पानात?"

डॉक्टरीणबाई उत्तर देणार तोच नर्स धावत आली आणि आतल्या खाटेवरच्या बाईची वेळ झाली म्हणून त्यांना घेऊन गेली. अशा तऱ्हेने एक वाक्य अर्धवट राहिलं. पुढचं सगळं रामायण त्या अर्ध्या वाक्यातून घडलं.

घरी येताना तपासनीस गप्प होते. ते गप्प असले की खिडकीबाई धास्तावे. कारण गप्प बसून ते योजना आखत. मागच्या वेळी असे गप्प बसले होते तेव्हा न्हाणीघराचा नळ घरीच दुरुस्त करण्याची योजना निघाली होती आणि खालच्या मजल्यावरचं छत अजून तिची आठवण दाखवत होतं.

"हे काम मी अंगावर घेतो," जिन्याच्या पायथ्याशी ते म्हणाले. "माल सुधारायचा तर आधी मोजता आला पाहिजे."

मालाने कठडा धरला आणि जिना चढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोळे उघडते न उघडते तो समोर टॉर्च. तपासनिसांच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात रंगाच्या दुकानातून आणलेलं छटांचं कार्ड, तेच भिंतीला कुठला गुलाबी द्यायचा हे ठरवायला देतात ते. त्यांनी तिची पापणी खाली ओढली, कार्ड गालाला लावलं आणि तोंडाने 'च्' असा आवाज केला.

"'फिका मोती' आणि 'सकाळचा गुलाब' यांच्या मधे कुठेतरी. आपल्याला 'पिकलं डाळिंब' गाठायचंय. घे, चहा घे. आणि ही गोळी."

चहा मात्र उत्तम होता, हे मान्य करायला हवं. तपासनिसांना स्वयंपाकातलं बाकी काहीही येत नसे, पण चहा ते असा करत की पहिल्या घोटाला खिडकीबाईला जग सहन करण्याजोगं वाटे. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते तिच्या आधी उठून चहा करत. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' वगैरे बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. ते म्हणत, "उठ, निवतोय." खिडकीबाईला तेवढं पुरायचं. तिने गोळी जिभेवर ठेवली आणि आल्याच्या चहाच्या घोटाबरोबर गिळली.

आता इमारतीत बातमी कशी पसरते हे काही कुणाला नव्याने सांगायला नको. समोरच्या काकू त्याच संध्याकाळी एक पिशवीभर बीट घेऊन आल्या.

"लाल खायचं," काकू म्हणाल्या. "लाल ते रक्ताला. बीट, डाळिंब, टोमॅटो, लाल भोपळा."

"लाल भोपळा आतून पिवळा असतो, काकू."

"पण नाव लाल आहे ना? गोळी घेतलीस का संध्याकाळची? नाही? मग घे माझ्यासमोर. हल्लीच्या मुली गोळ्या उशीखाली लपवतात. अहो, चहा टाका हो हिला!"

तपासनिसांनी लगबगीने चहा टाकला. काकूंनाही दिला, सासूबाईंनाही, स्वतःही घेतला. काकूंच्या कडक नजरेखाली खिडकीबाईने चहाबरोबर गोळी घेतली आणि काकू समाधानाने आणखी तासभर बसल्या. त्या तासभरात आपल्या नणंदेच्या जावेला बाळंतपणात काय काय झालं ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की खिडकीबाईच्या पापणीत जो काही गुलाबी उरला असेल तोही उडाला असावा.

पुढे हे रोजचंच झालं. संध्याकाळची गोळी हा इमारतीतला सार्वजनिक कार्यक्रम ठरला. कुणी ना कुणी यायचंच. आलेला माणूस सल्ला द्यायचा, सल्ला दिला की चहा आला, आणि चहा आला की "घे बघू गोळी, आमच्यासमोर घे" असा आग्रह आला. दिवसभर खिडकीत लोकांची गाऱ्हाणी ऐकून आलेल्या बाईला पाय वर करून पडायचं असायचं. पण पाहुणे बसलेले असताना पडायचं कसं? ती भिंतीला टेकून बसायची आणि सवयीने "बघते हं" म्हणायची. सगळ्यांना वाटे, पोरगी किती मनावर घेते.

बीट मात्र सगळ्या घराने खाल्लं. भाजीत बीट, कोशिंबिरीत बीट, पोळीतही बीट. एका सकाळी तपासनीस न्हाणीघरातून पांढरेफटक पडून बाहेर आले आणि मला काहीतरी भयंकर झालंय असं कुजबुजले. ते बिटामुळे होतं हे समजेपर्यंत त्यांनी कारखान्यात रजा कळवली होती आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झालं होतं. त्या रजेत खिडकीबाई कामावर गेली, कारण तिची रजा बाळंतपणासाठी राखायची होती.

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब मैदानात उतरले. साहेब कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून उतरले होते आणि तेव्हापासून त्यांना सह्या करायला काहीच मिळत नव्हतं.

"बीट हा भाबडेपणा आहे," ते म्हणाले. "रंगात लोह नसतं, लोखंडात लोह असतं. लोखंडाची कढई आणा. नसेल तर डाळ शिजताना त्यात लोखंडाचा तुकडा टाका. साधी गोष्ट आहे. उतरतं त्यात."

या गोष्टीत तथ्य होतं, हीच तर पंचाईत. कढईची बाब दुसऱ्या कुणी ऐकली असती तर त्याने कढई आणली असती. तपासनिसांनी ऐकलं ते फक्त लोखंडाचा तुकडा. लोखंडाच्या तुकड्यांत तर त्यांचा दिवस जात होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारखान्यातून पंपाचा एक दणकट बोल्ट आणला. पास झालेला, तपासलेला, वर 'ठीक' असा शिक्का. तो घासूनपुसून डाळीत पडला आणि मग रोजच पडू लागला. डाळ वाढताना तो पळीला लागून टणकन वाजायचा आणि तपासनीस अभिमानाने म्हणायचे, "लागला बघ कामाला."

आपल्या सल्ल्याचं फळ बघायला साहेब एकदा जेवायला आले. बोल्ट नेमका त्यांच्याच वाटीत गेला. साहेबांनी डाळ भातावर ओतून घेतली आणि मोठा घास घेतला. तो आवाज खिडकीबाईच्या अजून लक्षात आहे. साहेबांच्या दाताची टोपी निघाली, ती ताटात शोधताना भात सगळीकडे झाला आणि टोपी सापडली ती सासूबाईंना, कारण भातातून दाणे वेगळे काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पण हा गंजला कसा नाही?" रुमालाने तोंड दाबून धरलेल्या साहेबांनी बोल्ट उजेडात धरत विचारलं. "इतके दिवस उकळताय, आणि याला डाग नाही?"

"गंजेल कसा?" तपासनीस ताठ होऊन म्हणाले. "आमचा बोल्ट वर्षानुवर्षं पाण्यात राहिला तरी त्यातला कण सुटत नाही. तीच तर आमच्या मालाची..." बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. आपण इतके दिवस फक्त बोल्ट धूत होतो हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. खिडकीबाईला हसू आलं, पण हसायला लागणारी ताकद तिने जिना चढण्यासाठी राखून ठेवली होती.

या अपमानावर उतारा म्हणून त्यांनी सरकारी आरोग्य केंद्राचं प्रकरण काढलं. तिथल्या गोळ्या फुकट असतात, आपला हक्क आहे, आणि बाजारातली गोळी चांगली की तिथली हे दोन्ही वापरून बघितल्याशिवाय कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं पडलं. गरोदर बाईने स्वतः यायला हवं असा नियम होता. म्हणून खिडकीबाईने अर्धी रजा टाकली आणि टेकाडावरच्या त्या केंद्रापर्यंत दर झाडाखाली थांबत गेली.

खिडकीमागे एक कारकून बसले होते. चष्मा कपाळावर, समोर चहाचा पेला.

"गरोदर असल्याचा दाखला?" त्यांनी विचारलं.

खिडकीबाईने आपल्या पोटाकडे पाहिलं. कारकुनांनीही पाहिलं.

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पण मला दिसून उपयोग नाही. शिक्का लागतो."

"शिक्का कोण देतं?"

"ते आज आलेले नाहीत."

"उद्या येतील?"

"उद्या मी नाही."

दुसरी कुणी बाई असती तर भांडली असती. खिडकीबाईला मात्र मनोमन कौतुक वाटलं. खिडकीमागे बसून इतक्या कमी शब्दांत माणूस परत पाठवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. तिला स्वतःला "बघते हं" एवढ्यापुढे कधी जाता आलं नव्हतं. हे सांगावं म्हणून ती पुढे वाकली आणि कानात शिट्टी वाजली, खिडकी एकाची दोन झाली, दोन्ही खिडक्यांतले कारकून घाबरून उभे राहिले आणि मग बराच वेळ काही दिसलं नाही.

शुद्धीवर आली तेव्हा ती बाकावर होती आणि कारकून फायलीने वारा घालत होते. ती कुठे काम करते हे कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या घरचा मीटर गेलं वर्षभर पळत होता. "बघते हं," खिडकीबाई डोळे मिटूनच म्हणाली. शिक्का ड्रॉवरमध्येच होता असं निघालं. गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात पडलं, आणि कारकुनांनी माणुसकीने आपला चहाचा पेला तिच्यापुढे धरून सांगितलं, "एक आत्ताच घ्या इथे, चहाबरोबर. बरं वाटेल."

पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आठवा महिना नुकताच लागला होता. तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसली. तपासनिसांच्या हातात छटांचं कार्ड होतं. आपल्या अंदाजाने ते 'सकाळचा गुलाब'च्या थोडं पुढे पोचले होते.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि कपाळाला आठी घातली. "जागचं हललेलं नाही."

"प्रयोगशाळेची चूक असेल," तपासनीस म्हणाले. "नमुना पुन्हा घ्यायला हवा. गोळ्यांचा आख्खा लॉट सदोष असू शकतो. आमच्याकडे एकदा..."

"गोळ्या रोज घेतल्या?"

"एकही चुकली नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमक्ष घेते."

डॉक्टरीणबाई खिडकीबाईकडे वळल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर!" तपासनीस छाती पुढे काढून म्हणाले. "चहा मीच करतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी त्या दिवशी एक वाक्य सुरू केलं होतं," त्या म्हणाल्या. "आज ते पूर्ण करते. कुणी मधे बोलू नका. गोळी घेताना चहा घ्यायचा नाही. आधी तासभर नाही, नंतरही तासभर नाही. दोन तास सोडले तर आणखी उत्तम. चहा गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाही. दुधाचंही तेच. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. तुम्ही इतके दिवस तिला एका हाताने गोळी दिलीत आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलीत."

तपासनिसांनी हातातलं छटांचं कार्ड मांडीवर पालथं घातलं. मालाच्या तपासणीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला समोरच्या खोक्यात आपलाच सदोष माल सापडावा, तसं झालं.

"आता नुसत्या गोळ्यांवर विसंबायला वेळ नाही," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "सलाइनमधून लोह देऊ, इथेच, माझ्या नजरेखाली. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते मी सांगेन. पण घरी विश्रांती हवी. आणि तरीही दहाच्या वर गेलं नाही तर मोठं रुग्णालय. मी जोखीम घेणार नाही."

गल्लीतून घरी येताना खिडकीबाईला राग आला. तिला राग क्वचितच यायचा. रागवायलाही रक्त लागतं. पण त्या दिवशी कुठून आला कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आणून गेला. "मी बीट खाल्लं," ती गल्लीच्या मधोमध थांबून म्हणाली. "बोल्टचं वरण खाल्लं. टेकाड चढून चक्कर येऊन पडले. रोज सगळ्यांसमोर शाळेतल्या मुलीसारखी गोळी गिळली. बाळाला काही होऊ नये म्हणून. आणि तुम्ही त्या बाईंना एक वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत. मलाही देत नाही कधी. मी दमले आहे हो. मला झोपायचंय, एवढंच मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"मला वाटलं, चहा तेवढा मला चांगला जमतो," तपासनीस हळूच म्हणाले.

"जमतो. तेच तर वाईट आहे."

त्या संध्याकाळी काकू आल्या तेव्हा खिडकीबाई आडवी पडली होती, आणि उठली नाही. तपासनिसांनी काकूंपुढे लिंबूपाणी ठेवलं. "या घरात आता चहा होत नाही," त्यांनी पडेल आवाजात जाहीर केलं. काकूंनी दोन घोट घेतले, तोंड आंबट केलं आणि नणंदेच्या जावेची गोष्ट निम्म्यावर टाकून गेल्या. साहेबांच्या दाताच्या नव्या टोपीला आंबट झोंबलं. असं करता करता सल्ले आटले. आपली इतकी काळजी करणारी इमारत केवळ आल्याच्या चहावर चालत होती हे पाहून खिडकीबाईला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला झोप लागली. बाळंतपणाची रजा आधीच सुरू करून ती सलाइन घेऊन आली की झोपायची. दुपारी झोपायची, संध्याकाळी झोपायची. तपासनिसांनीही चहा सोडला. डोकं धरून ते घरभर फिरत, पण मुकाट्याने फिरत. लोखंडाची कढई आणून त्यांनी ती घासून ठेवली आणि तिच्यावर कसलाही शिक्का मारला नाही.

नववा लागला आणि रिपोर्ट आला. दहाच्या वर. फार वर नाही, पण वर.

"इथेच या मग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. खिडकीबाईने त्या धुतलेल्या पडद्यांकडे पाहिलं. तिने मान हलवली.

घरी येताना ती जिना चढली आणि वर दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की कानात शिट्टी वाजली नाही. मागे वळून पाहिलं तर सासूबाई नाहीत. त्या मधल्या वळणावर कठड्याला टेकून उभ्या होत्या. नेहमीच थांबायच्या तिथे. "किल्ली शोधते," असं म्हणायच्या. किल्ली तर आत्ताही त्यांच्या हातातच होती. दुसरा हात पिशवीत गेला, चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले गेले आणि तो कुरकुर आवाज खिडकीबाईला पहिल्यांदाच ऐकू आला.

नऊ महिन्यांचं पोट घेऊन ती वर उभी होती, आणि खाली तिच्या सासूला धाप लागली होती.

ती स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत गेली, टॉर्च आणि छटांचं कार्ड घेऊन खाली उतरली.

"आई, वर बघा."

"अगं, मला काय झालंय? किल्ली शोधत होते."

"वर बघा हो."

तिने पापणी खाली ओढली, कार्ड गालाला लावलं. 'पिकलं डाळिंब' नाही, 'सकाळचा गुलाब' नाही, 'फिका मोती'सुद्धा नाही. ती बोट खाली खाली नेत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे गुलाबी संपून 'छताचा पांढरा' सुरू होत होता. तपासनीस खालून भाजीची पिशवी घेऊन येत होते. त्यांनी कार्डावरचं बोट पाहिलं, आईची पापणी पाहिली आणि ते पायरीवरच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेली. या खेपेला समोरच्या खुर्चीत खिडकीबाईने सासूबाईंना बसवलं, स्वतः बाजूला बसली आणि तपासनिसांना दाराशी उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी पाहिली, नखं पाहिली, नाडी धरली.

"तांदूळ किती वर्षं खाताय?"

सासूबाई शाळेत पकडल्यासारख्या लाजल्या. "ती सवय आहे हो."

"सवय नाही ती, रक्त कमी असलं की होतं असं. या वयात का कमी आहे तेही तपासायला हवं. दम लागतो?"

"लागतो की."

"केव्हापासून?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, जरा विचार केला. "हा झाला तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "तेव्हा बरंच गेलं होतं अंगावरून. पण..." आणि त्यांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे, एकदा सुनेकडे खरोखरच न समजल्यासारखं पाहिलं. "सगळ्यांनाच लागतो ना तो?"

दाराशी उभ्या असलेल्या तपासनिसांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी आत येऊन आईच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. डॉक्टरीणबाई गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर नाही हे सांगू लागल्या, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत खोलीत दुसरं कुणीही बोललं नाही.